अर्थिंगचं पाणी

एसी मला नको होता. मी उन्हाळ्यात जन्मले, उन्हाळ्यात माझं लग्न झालं, पुनम झाली ती पण ऐन वैशाखात, आणि त्या सगळ्या वेळी कोणाच्या अंगाला थंड हवा लागली न्हाई. पण विहीणबाईंनी अट घातली. मला कोणी अट घातली की माझं डोकं फिरतं, हे तरोडा नाक्यावरच्या भाजीवालीला पण म्हाईत हाय.

अट अशी होती. पुनम माझी एकुलती एक लेक, लातूरला दिलेली. लग्नाला चार वर्षं झाली, दवाखाने झाले, उपास झाले, माहूरच्या देवीला दोनदा जाऊन आलो, तेव्हा कुठं दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात आणि पोरीला सातव्या महिन्यातच घेऊन येतात. आठव्यात तिला वेस ओलांडू देत न्हाईत, आणि नवव्यात डॉक्टर सोडत न्हाईत. म्हणजे सातव्यात आली तर आली, न्हाई तर विषय संपला. पुनमला रविवारी आठवा लागणार होता.

आणि कुसुमताई, माझ्या विहीणबाई, बत्तीस वर्षं शाळेत बाई होत्या, त्या फोनवर अगदी शांत आवाजात म्हणाल्या की पुनमचं बीपी वाढतंय, डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलंय, नांदेड त्रेचाळीसवर गेलंय. तुमच्या घरी एसी बसू द्या. तो चालू झाल्याचा व्हिडिओ पाठवा, म्हणजे शनिवारी सकाळी मिहिर तिला गाडीत घालून आणेल. मिहिर म्हणजे आमचे जावई.

बोलण्यात एक शब्द चुकीचा नव्हता. तेच तर झोंबलं. बाई चुकीचं बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. आता काय करता? जावई म्हणले मी एसी पाठवतो, मी म्हणलं काही गरज न्हाई, आमचं घर एवढं पण पडलेलं न्हाई. आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी पुतळ्याजवळच्या दुकानात जाऊन एक टनाचा एसी घेऊन आले.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला, पुनमच्या खोलीत भिंतीला आतली पेटी टांगली, बाहेरची पेटी मागच्या पडवीच्या लोखंडी जाळीजवळ बसवली आणि हात झटकले. म्हणला, लाईन तुमची तुम्ही काढून घ्या. मीटरपासून थेट एसीपर्यंत वेगळी लाईन पाहिजे, चार एमएमची तांब्याची वायर, वेगळं एमसीबी, आणि अर्थिंग पक्की. जुन्या बोर्डात लावलं तर वायर जळेल, गॅरंटी राहणार न्हाई. मी म्हणलं, बाबा रे, हे घर दगडोबा मिस्त्रीचं हाय, हितं तू मला अर्थिंग शिकवू नको. त्यानं कोण दगडोबा असं विचारलं. म्हणजे बघा, किती लवकर विसरतात लोक.

दगडोबा मिस्त्री म्हणजे आमचे मालक. वायरमन. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. तरोड्यापासून भोकर फाट्यापर्यंत निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची हाय. गावाकडं चार एकर होतं, ते भावाला बटईनं दिलं आणि हे पक्कड घेऊन नांदेडला आले, कारण मातीपेक्षा तार त्यांचं जास्त ऐकायची. हे घर आम्ही चौऱ्याण्णवला बांधलं. सगळी वायरिंग त्यांनी एकट्यानं केली, महिनाभर, दिवसभर दुसऱ्याचं काम करून आल्यावर. मी उंचीनं कमी. स्वयंपाकघरातलं बटण त्यांनी माझा हात वर करून, माझ्या बोटाला लागेल तिथं पेन्सिलीनं खूण करून बसवलं. आलेला पाहुणा म्हणायचा, बटण लई खाली घेतलं हो मिस्त्री. हे म्हणायचे, ज्याला लावायचंय त्याच्या मापानं घेतलंय.

माणूस कमी बोलायचा, पण कामात कोणी हलगर्जी केली की भडकायचा. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात लाईट मंद व्हायची. डीपीकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून, येणाऱ्या दोन तारांमधली एक, करंट परत नेणारी, न्यूट्रल म्हणतात ती, सारखी ढिली व्हायची. मग लोक काय करायचे, त्या तारेच्या जागी जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार जोडायचे. बल्ब लख्ख पेटायचा. अख्ख्या मराठवाड्यात हा उद्योग चालतो. आमच्या मालकांनी असं कुणाच्या घरी बघितलं की त्या घरात पाणी पण प्यायचे न्हाईत. अर्थिंग जीव वाचवायला असते, ती दिवे लावायला न्हाई, असं तोंडावर सांगायचे आणि ती तार स्वतःच्या हातानं उपटून टाकायचे. लोक चिडायचे. माझी मान मात्र ताठ असायची.

आमची अर्थिंग मागच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडं. हातभर रुंद खड्डा, आत तांब्याची पाटी उभी पुरलेली, भोवती मीठ आणि कोळसा. तिथून एक तार निघून घरभर फिरलेली. फ्रिजच्या, मिक्सरच्या अंगात करंट उतरला तर माणसाला न धरता त्या तारेनं जमिनीत जायचा. पण खड्डा ओला पाहिजे, म्हणून उन्हाळ्यात रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी. ते काम माझं होतं. तुळशीला तांब्या आणि खड्ड्याला बादली, एका दमात.

पुनम बारावीला होती त्या वर्षी एका संध्याकाळी पाणी ओतताना माझ्या तळपायाला मुंग्या आल्या. अनवाणी होते, पाय ओले. जेवताना मी सहज बोलले की आज पायाला कसंतरीच झालं. मालकांचा भाकरीचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून बादली त्यांनी घेतली. म्हणले, तुझी कंबर दुखती, तू वाकत जाऊ नको. त्यानंतर दहा वर्षं, मरेपर्यंत, एकही उन्हाळा चुकला न्हाई. कामावरून दमून यायचे, पायात रबरी चप्पल घालायचे, आणि चहाच्या आधी खड्ड्याला पाणी. बाकी घरातल्या कुठल्या कामाला त्या माणसानं कधी हात लावला न्हाई, साधी ताटं उचलली न्हाईत. पण ही बादली उचलली. मी शेजारणींना सांगायचे, आमच्या मालकांना बोलता येत न्हाई, पण माझ्या कंबरेची काळजी हाय. ते गेल्यावर जेव्हा जेव्हा रडू आलं, तेव्हा मला ती बादलीच आठवायची. त्यांच्यानंतर मी ती उचलली न्हाई. उचलवलीच न्हाई.

तर शुक्रवारी सकाळी रामलिंगला बोलावलं. रामलिंग मालकांच्या हाताखाली शिकलेला, आता चाळिशी ओलांडली, त्याचं स्वतःचं दुकान हाय वजिराबादेत. मला काकू म्हणतो आणि मालकांना अजून उस्ताद म्हणतो. म्हणला, काकू, उस्तादांच्या घरात ड्रिल मारायचं म्हणजे हात कापतो. मी म्हणलं, कापू दे, पण दुपारपर्यंत लाईन पूर्ण कर.

चांगलं काम केलं पोरानं. मीटरशेजारी नवीन छोटा डबा, त्यात एसीचं एमसीबी. तिथून पांढऱ्या पट्टीतून लाल, काळी, हिरवी अशा तीन वायरी भिंतीच्या कडेनं पुनमच्या खोलीपर्यंत नेल्या. कुठं वाकडं न्हाई. मधे मधे जुना बोर्ड उघडला की थांबायचा आणि मला बोलवायचा. बघा काकू, उस्तादांनी वायरीचं टोक कसं वळवलंय, असं आता कोणी करत न्हाई. मी पण बघत राहायचे. एका बोर्डाच्या आत लाकडावर त्यांच्या हातची पेन्सिलीची अक्षरं निघाली, 'देवघर', 'बाहेर', 'पुनम'. तीन वर्षांनी त्यांचं अक्षर असं अचानक समोर आलं. मी पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात गेले. रामलिंगनं दहा मिनिटं उगाच ड्रिल पुसलं.

मग त्यानं मला विचारलं की पुनमच्या खोलीतला पंखा एवढा हळू कामून चालतो. मी सांगितलं की मालक गेल्यापासून हा असाच. दर उन्हाळ्यात जास्तच मंद होतो. कंडेन्सर बदलला, काही फरक पडला न्हाई. खरं सांगायचं तर मला वाटायचं की पंख्यानं पण दुःख धरलंय. हे मी त्याला बोलले न्हाई, पण मनात होतं.

दुपारी एकच्या सुमाराला शेवटचं काम राहिलं, नवीन हिरवी वायर जुन्या अर्थिंगला जोडायची. रामलिंगनं टेस्ट लॅम्प घेतला. म्हणजे एक बल्ब, दोन वायरी. एक वायर चालू भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब पेटला पाहिजे. पेटला न्हाई. त्यानं फ्रिजचा पॉइंट बघितला, स्वयंपाकघरातला बघितला, देवघरातला बघितला. कुठंच न्हाई. बोर्ड उघडले. प्रत्येक बोर्डात अर्थिंगची तार कापलेली, आणि टोकाला काळी टेप गुंडाळलेली. रामलिंग ती टेप नुसती बघत बसला. म्हणला, काकू, ही घडी उस्तादांची हाय. टेपचं शेवटचं टोक आत दुमडायचे ते.

मी म्हणलं, काहीतरी कारण असेल. अंगणातल्या खड्ड्यापासून तार कुठं जाती ते बोटानं भिंतीवर धरत धरत तो पुनमच्या खोलीत आला आणि पंख्याच्या बोर्डापाशी थांबला. बोर्ड उघडला. मग मला म्हणला, काकू, खड्ड्यात एक बादली पाणी ओता. पायात चप्पल घाला.

मी ओतलं. तीन वर्षांनी त्या खड्ड्याला पाणी मिळालं. माती भेगाळलेली होती, तिनं पाणी आवाज करून पिऊन टाकलं. रामलिंगनं आतून हाक मारली. मी खोलीत आले तर पंखा जोरात फिरत होता. पहिल्यासारखा. कॅलेंडरची पानं उडत होती.

रामलिंगनं सावकाश सांगितलं, खाली बघत. पंख्याच्या न्यूट्रलच्या जागी अर्थिंगची तार जोडलेली हाय. पंखा आणि त्या खोलीतली ट्यूब, दोन्ही जमिनीवर चालतात. माती ओली असली की करंट सहज उतरतो, पंखा पळतो. माती वाळली की मंद. आणि ही तार बाकी घराला राहिली असती आणि एखाद्या दिवशी खड्ड्यापाशी तुटली असती, तर फ्रिजच्या, मिक्सरच्या अंगावर करंट आला असता. म्हणून उस्तादांनी बाकीच्या सगळ्या तारा कापल्या. म्हणजे घराला अर्थिंग तेव्हापासून न्हाईच.

बारावीचं वर्ष. गल्लीत लाईट इतकी मंद, की पंख्याची पाती मोजता यायची. पुनम घामानं भिजलेली वही घेऊन बसायची आणि एका दुपारी रडत म्हणली होती, मी नापास होणार. दोन दिवसांनी तिच्या खोलीतला पंखा पळायला लागला. मी विचारलं तर मालक म्हणले, थोडी दुरुस्ती केली. माझी मान अजून ताठ झाली होती तेव्हा.

आणि मी अनवाणी पायानं त्या खड्ड्यात पाणी ओतत होते. लेकीला वारा लागावा म्हणून करंट ज्या मातीत उतरत होता, त्या मातीवर उभी राहून. मुंग्या आल्या म्हणून बोलले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. म्हणून बादली घेतली. माझ्या कंबरेचा काही संबंध न्हाई. भीती होती ती. दहा वर्षं मी शेजारणींना जे सांगत फिरले, तीन वर्षं ज्याच्यावर रडले, ती नुसती भीती होती.

मला असा संताप आला की काय सांगू. मेलेल्या माणसावर ओरडता येत न्हाई, हा लई मोठा अन्याय हाय. मी फोटोसमोर उभी राहिले आणि ओरडलेच. दुनियेला शिकवलं, लोकांच्या तारा उपटल्या, आणि स्वतःच्या घरात हे? माझा जीव काय रस्त्यावर पडला होता? परीक्षा झाली, निकाल लागला, पोरीचं लग्न झालं, तरी कामून न्हाई काढलं? रामलिंग दारात अवघडून उभा होता. त्यानंच हळू सांगितलं की त्या खोलीची जुनी न्यूट्रल आतल्या आत जळालेली दिसती, नवीन टाकायची तर भिंत फोडावी लागली असती.

मग मला आठवलं. पुनमच्या लग्नाच्या आधी रंग दिला होता, आणि मालक दोनदा म्हणले होते, त्या खोलीची थोडी भिंत फोडायची हाय. आणि मीच म्हणलं होतं, आता भिंतीला हात लावाल तर बघा. कशासाठी फोडायची ते त्यांनी सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई. वर्षाच्या आत तर ते गेलेच.

बरं, रडायला वेळ नव्हता. दोन वाजले होते. मी रामलिंगला म्हणलं, झालं ते झालं, आता नवीन अर्थिंग कर. तो पहार घेऊन अंगणात गेला. जुना खड्डा उकरला तर पाटी मिठानं खाल्लेली, हातात घेतली की तुकडे पडले. दुसरीकडं खणलं तर दोन फुटांवर काळा खडक. तीन ठिकाणी खणलं, तिन्हीकडं खडक. मशीननं बोअर मारावा लागंल म्हणला. मशीनवाल्याला फोन लावला, तर तो अर्धापूरला केळीच्या बागेत बोअरच्या कामावर, सोमवारशिवाय यायचा न्हाई. आणखी दोघांना लावला. कोणी लग्नात, कोणाचं मशीन बिघडलेलं. पाच वाजले.

सोमवारी आठवा लागून एक दिवस झालेला असणार.

तेव्हा मी म्हणलं, "रामलिंग, अर्थिंग राहू दे. तसाच चालू कर. तीन दिवसांचा तर प्रश्न हाय, सोमवारी जोड."

त्यानं मान हलवली. मी त्याला समजावलं. एसी नवीन हाय, आजच्या आज त्यात काय करंट उतरतोय. मी कोणाला हात लावू देणार न्हाई. पोर घरात आली की झालं. मी त्याला हात जोडले, मालकांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मी हात जोडले. एसी चालायला अर्थिंग लागत न्हाई, ती नसली तरी थंड हवा येती, व्हिडिओत दिसत न्हाई. कुसुमताईंना काय कळणार हाय?

रामलिंग म्हणला, "काकू, उस्तादांनी पण परीक्षेपुरतंच म्हणलं असंल."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी पडवीत जाऊन बसले. समोर बाहेरची पेटी, तिच्या शेजारी लोखंडी जाळी, त्या जाळीवर मी कपडे वाळत घालते. पुनम आली की तिला स्वस्थ बसवत न्हाई, कितीही सांगा, ओलं लुगडं घेऊन ती हितंच येणार. अनवाणी. पोटात लेकरू.

तासभर बसले. एवढा मोठा तास मी आयुष्यात बघितला न्हाई. एका बाजूला वाटायचं, काही होत न्हाई, दहा वर्षं काही झालं का? दुसऱ्या बाजूला वाटायचं, हे असंच त्यांना पण वाटलं असेल, ह्याच पडवीत बसून. तेव्हा माझा राग जरा उतरला. गेला न्हाई, उतरला. त्यांना लेकीची तगमग बघवली न्हाई. मला तरी कुठं बघवत होती?

मग मी कुसुमताईंना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हणजे मालकांचं न्हाई सांगितलं, तेवढं माझ्या तोंडातून निघालं न्हाई. एसी बसलाय, लाईन झालीय, पण अर्थिंग खराब निघाली, खडक लागला, सोमवारच्या आत होत न्हाई. तसा चालू करता आला असता, पण मी करणार न्हाई. पुनमला पाठवू नका.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सिंधूताई, मग आता तिला माहेरी येता येणार नाही. तुम्हाला कळतंय ना?"

मी म्हणलं, "कळतंय."

फोन ठेवला आणि दहा मिनिटांत पुनमचा आला. पोरगी फाडफाड बोलली. तीन दिवसांनी काय बिघडणार होतं, म्हणली. चार महिने मी एकच दिवस मोजतेय. सासूबाईंच्या नाकदुऱ्या काढल्या, मिहिरशी भांडले, बॅग भरून ठेवली, आणि माझीच आई म्हणती येऊ नको. पप्पा असते तर त्यांनी कसंही करून केलं असतं. मला खोलीतून तिचे पप्पा दिसत होते, फोटोतले. मी म्हणलं, हो, त्यांनी केलं असतं. तिनं फोन आपटला.

मी लई रडले त्या दिवशी. लपवत न्हाई. तिच्यासाठी मेथीचे लाडू, डिंक, बाळंतविडा, जुन्या सुती लुगड्यांची मऊ दुपटी, सगळं खोलीत मांडून ठेवलेलं होतं. नवरा तर गेलाच होता, आता त्याची आठवण पण धड राहिली न्हाई, आणि लेक पण गेली, असं वाटलं.

सोमवारी मशीन आलं. वीस फूट बोअर मारला, नवीन पाइप उतरवला. रामलिंगनं पंख्याला भिंतीवरून पट्टीतून नवीन न्यूट्रल दिली, सगळ्या बोर्डांतल्या कापलेल्या तारा जोडल्या. भिंत फोडायची गरज पण पडली न्हाई, पट्टीत काम झालं. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला. मग एसी चालू केला. पाच मिनिटांत खोली गार. मी त्या गार खोलीत पुनमच्या पलंगावर एकटी बसले. अंगावर काटा आला, थंडीनं. मी उठून बंद केला.

मंगळवारी सकाळी एसटीनं लातूरला निघाले. आमच्यात बाळंतपण करायला आई लेकीच्या सासरी जाऊन राहत न्हाई. जाऊबाई म्हणल्या, लोक तोंडात शेण घालतील. मी म्हणलं, घालू द्या. आठव्यात वेस ओलांडायची बंदी तिला हाय, मला न्हाई. तीन पिशव्या घेतल्या, लाडवाचा डबा मांडीवर धरला, आणि खिडकीतून येणाऱ्या आगीसारख्या वाऱ्यात बसून राहिले. अहमदपूर येईपर्यंत दहा वेळा वाटलं की परत फिरावं.

दार कुसुमताईंनी उघडलं. पिशव्या बघितल्या, माझं तोंड बघितलं. हातातून दोन पिशव्या घेतल्या आणि म्हणाल्या, आत आहे, कालपासून जेवली नाही, तुम्हीच बघा आता. मग त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. बाईला कळतं सगळं, मी उगाच नावं ठेवते.

पुनम कुशीवर पडली होती, तोंड भिंतीकडं. मी शेजारी बसले तरी वळली न्हाई. पाय सुजले होते तिचे. मी पाय दाबायला घेतले आणि बोलत राहिले. सगळं सांगितलं. पंखा, खड्डा, कापलेल्या तारा, माझ्या पायाला आलेल्या मुंग्या, रामलिंग काय म्हणला ते. म्हणलं, तुझ्या बापानं तुला वारा दिला पोरी, आणि मी न्हाई दिला. मला जमलं न्हाई. तुझं माहेरपण माझ्या हातानं गेलं. तुला काय बोलायचं ते बोल.

मग ती उठून बसली, त्या पोटासकट, मोठ्या कष्टानं, आणि माझ्याकडं बघितलं.

"मला माहीत होतं आई," ती म्हणली. "पप्पांनी तार जोडली तेव्हा मी टॉर्च धरला होता. परीक्षा झाली की काढतो, आईला सांगू नको, म्हणले. तू रोज पाणी घालायचीस आणि मी खिडकीत अभ्यास करत बघायचे. पंखा जोरात फिरायला लागला की मला बरं वाटायचं. तुझ्या पायाला मुंग्या आल्या, त्या रात्री पप्पांनी मला विचारलं, काढू का? आणि मी म्हणलं, अजून तीन पेपर राहिलेत."

खोलीत एसीचा बारीक आवाज चालू होता. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. एकतीस वर्षांची बाई, कॉलेजात पोरांना शिकवती, आणि तोंड सगळं बारावीच्या पोरीचं झालेलं. तेरा वर्षं हे पोटात घेऊन बसली होती, आणि आता त्याच पोटात लेकरू. त्या माणसानं सगळ्या तारा कापल्या, बादली उचलली, आणि मरेपर्यंत ह्या पोरीचं नाव काढलं न्हाई. मी फोटोसमोर उभी राहून एवढं ओरडले, तेव्हा पण न्हाई.

ती हुंदके द्यायला लागली. म्हणत होती, तुला काही झालं असतं तर, तुला काही झालं असतं तर.

मी तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. केस चिकट झाले होते, तेल लावायला पाहिजे होतं. म्हणलं, "मला काही झालेलं न्हाई. मी हितंच हाय. बाळंतपण होईस्तोवर हितंच राहणार हाय, कोणी हाकललं तरी. आता झोप."

तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि झोपली.